अनुभव धागा: अनोळखी माणूस भेटला आणि वाट बदलली

ठाणे आणि नवी मुंबईत राहणारे आपण बहुतेक कुठून तरी आलेलो. 1970 मध्ये सिडको ही शहर वसवणारी सरकारी कंपनी स्थापन झाली, खाडीपलीकडे नवं शहर उभं राहिलं आणि तिथल्या प्रत्येक घरामागे कुणाचं तरी 'इकडे ये, काम आहे' हे वाक्य असतं. अशा भेटींबद्दल लिहा. नुसती भेट नको. त्यानंतर तुम्ही काय ठरवलं, घरचे काय म्हणाले आणि त्यासाठी काय सोडावं लागलं, तेही लिहा. माझ्या मते खरी गोष्ट तिथेच असते.

कळव्याहून

बारावी आर्ट्स करून जांभळी नाक्यावर एका कापडाच्या दुकानात होते. सुट्टीच्या दिवशी मावशीकडे जाताना ठाणे-वाशी गाडीत शेजारी एक सिस्टर बसल्या. ड्युटीवर निघाल्या होत्या. आईच्या शुगरबद्दल मी काहीबाही विचारलं, त्यांनी नीट समजावलं आणि वर म्हणाल्या, "तू जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, का करत नाहीस? सायन्सच लागतं असं नाही." मला हे कुणी सांगितलंच नव्हतं. रबाळ्याला त्या उतरल्या, नावही विचारायचं राहिलं.

घरी रात्रपाळीवरून वाद झाला. दादा बोलेनासा झाला. वहिनी मात्र स्वतः कॉलेजात चौकशीला आली, फीचा पहिला हप्ता तिनेच भरला. आज मी डायलिसिस विभागात आहे. आमचे पेशंट आठवड्यातून दोनतीनदा येतात, एका वेळी चारेक तास मशीनवर असतात, आणि हे वर्षानुवर्षं चालतं. कुणाच्या नातवाचं बारसं, कुणाच्या मुलीचं लग्न, सगळं आम्हाला आधी कळतं. एखादी खाट रिकामी झाली की त्या दिवशी घरी जेवण जात नाही. तरी हे काम सोडावंसं कधी वाटलं नाही.

कोपरखैरण्याहून

वडील साताऱ्याकडचे. मशीद बंदरचा मसाला आणि धान्याचा घाऊक बाजार वाशीला आला, त्यानंतरची ही गोष्ट. गावच्या एका हमालाला त्याच्या घरचं सामान पोचवायला ते मार्केटात आले होते, पेरणीआधी परत जाणार होते. त्या दिवशी टोळीत माणूस कमी होता. मुकादम म्हणाला, "पाव्हणं, उचलता का पोती?" त्यांनी उचलली आणि राहिले. माथाडी, म्हणजे हमाल कामगारांच्या, बोर्डात नोंदणी व्हायला पुढे बराच काळ गेला. 1969 च्या माथाडी कायद्यामुळे नोंदणीनंतर फंड, रजा, दवाखाना मिळाला आणि त्यावर आम्ही भावंडं शिकलो.

सगळे म्हणतात वडिलांनी हिंमत केली. माझ्या मते हिंमत आईची. नोंदणी होईपर्यंत गावाकडे सासू-सासरे, शेत आणि दोन लहान मुलं तिने एकटीने सांभाळली. इकडे यायचं ठरल्यावर दुभती म्हैस विकली, ती तिच्या माहेरची होती.

ऐरोलीहून

मी बँकेत. बस चुकली म्हणून खाडीकडे गेलो, तिथे एक कोळी आजोबा जाळं दुरुस्त करत बसले होते. चिखलातले निवटी मासे, चिंबोरीची बिळं, भरती कुठवर येते, सगळं त्यांनी दाखवलं. मग दर रविवारी जाऊ लागलो. 2015 मध्ये इथे फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं, 2022 मध्ये ठाणे खाडीला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. मधल्या काळात बढतीवर परगावी बदली आली होती, ती नाकारली. आता शाळकरी मुलांना खाडी दाखवतो.

नौपाड्यातून

सगळे 'हो' म्हटल्याचं लिहितायत. मी 'नाही' म्हटलं, तेही इथे असू द्या. 1893 पासूनच्या आपल्या मराठी ग्रंथ संग्रहालयात एका गृहस्थांशी ओळख झाली, त्यांनी मस्कतला चांगली नोकरी देऊ केली. वडील अंथरुणाला खिळलेले. गेलो नाही. पैसा कमी पडला, पण वडिलांचे शेवटचे दिवस मला मिळाले. तो निर्णय आजही तसाच घेईन.

घणसोलीहून

कळव्याच्या ताई, माझ्या मुलीची बारावी आर्ट्स यंदा झाली. तिला हेच करायचंय आणि तिचे बाबा रात्रपाळीवरच अडलेत. तुमच्या वहिनींनी घरी नेमकं काय सांगितलं, ते जरा सविस्तर लिहाल का?