मदत हवी आहे: 'रोमा' दाखवण्याआधी किती सांगावं?
नमस्कार मंडळी. येत्या रविवारी आईच्या मैत्रिणींना आल्फोन्सो क्वारोनचा 'रोमा' (२०१८) हा सिनेमा दाखवायचं कबूल करून बसलोय. दिग्दर्शकाचं लहानपण मेक्सिको सिटीच्या ज्या भागात गेलं तिथलंच घर: आई, आजी, चार मुलं, घर सोडून गेलेले वडील आणि सगळ्यांचं करणारी क्लेओ. घरात कामाला बाई असलेल्यांना हे जवळचं वाटेल, थोडं टोचेलही.

अडचण आहे फर्निचरच्या दुकानातल्या प्रसंगाची. १० जून १९७१ ला निदर्शनं करणाऱ्या विद्यार्थ्यांवर सरकारच्या आश्रयाने पोसलेल्या 'हाल्कोनेस' टोळीने हल्ला केला, त्याचा तो संदर्भ. सिनेमा यातलं काही समजावत बसत नाही. आधी सांगितलं तर धक्का जातो; नाही सांगितलं तर "अगं, ही मारामारी कसली?" म्हणून मध्येच चर्चा सुरू, आमच्याकडे हमखास! कोणी ज्येष्ठांना दाखवला असेल तर काय केलंत?

शिवाय पार्श्वसंगीत नाहीच. सगळी मदार रस्त्यावरच्या, फेरीवाल्यांच्या, समुद्राच्या आवाजांवर. टीव्हीचे स्पीकर पुरतील की साउंडबार मागून आणू? आणि सबटायटल्सची अक्षरं मोठी कशी करायची, तेही सांगा.