केस बदलली म्हणून अमेरिकन पॉकेट वॉच बाटलं का?

लंबक:
कुणी वॉल्थम किंवा एल्जिन या अमेरिकन कारखान्यांचं जुनं खिशातलं घड्याळ दाखवलं की पहिला प्रश्न ठरलेला: "केस (यंत्राभोवतीचं बाहेरचं कवच) ओरिजिनल आहे ना?" अमेरिकन घड्याळांना हा प्रश्नच लागू नाही, असं माझं मत. एकोणिसाव्या शतकात हे कारखाने बहुतेकदा नुसतं यंत्र आणि डायल विकायचे. केस बनवणारे वेगळे: ड्युबर, कीस्टोन, क्रेसेंट. १८ साइज, १६ साइज अशी मापं ठरलेली. गिऱ्हाइकाने दुकानात यंत्र पसंत करायचं, ऐपतीप्रमाणे केस निवडायची, दुकानदार तिथेच बसवून देणार. मग केसवरचा नंबर यंत्राशी जुळणार कसा? तपासायचंच तर वरच्या प्लेटवरचा नंबर आणि डायलखालच्या प्लेटवरचा नंबर ताडून बघा. तिथे फरक निघाला तर खुशाल बोंब मारा.

जुनाबाजार:
हेच वाक्य विक्रेत्यांनी पाठ केलंय! केसच्या आतल्या कडेवर, यंत्र धरून ठेवणाऱ्या स्क्रूच्या डोक्यांचे वळ बघा. आताच्या स्क्रूंशी न जुळणारे जास्तीचे वळ दिसले, म्हणजे तिथे आधी दुसरं यंत्र नांदून गेलंय. जानेवारी १९८० मध्ये सोनं औंसाला ८५० डॉलरवर गेलं, तेव्हा कितीतरी केसेस भट्टीत गेल्या आणि उघडी पडलेली यंत्रं मिळेल त्या केसमध्ये कोंबली गेली. ते आणि १८९० च्या दुकानदाराचं काम एकाच मापाने मोजायचं?

लंबक:
वळ मान्य. पण ते १९१० चे की १९८० चे, हे वळ सांगत नाहीत. एखाद्या रेल्वे गार्डने पगार वाढल्यावर चांगलं यंत्र घेऊन जुन्याच केसमध्ये बसवलं असेल. ते बनावट कसं?

नऊशेब्याण्णव:
लंबक, तुमचं म्हणणं जुन्या मालापुरतं ठीक. १९२० च्या दशकात हॅमिल्टन कंपनी कारखान्यातच केस बसवून घड्याळं विकू लागली होती. १९४० नंतरचं त्यांचं ९९२बी मॉडेल भलत्याच केसमध्ये दिसलं तर ही पळवाट चालणार नाही.

घड्याळजीचा नातू:
केसवरून एवढं भांडताय, पण बारीक चीर गेली म्हणून एनॅमल डायल फेकून दुसरी लावतात त्याचं काय? मला ते जास्त खुपतं. मेनस्प्रिंगचं, म्हणजे घड्याळ चालवणाऱ्या मुख्य स्प्रिंगचं, वेगळं. जुन्या निळ्या पोलादाच्या तुटायच्याच, नवी टाकली तर नाक मुरडायचं कारण नाही. आणि ते पॉलिशवाले! २००९ मध्ये स्मिथसोनियनने लिंकनचं घड्याळ उघडलं (यंत्र इंग्लंडचं, असो), तर आत १८६१ मध्ये दुरुस्ती करणाऱ्या कारागिराने अमेरिकन यादवी सुरू झाल्याची बातमी कोरलेली. मधल्या कुणी घासून चकाचक केलं असतं तर?

जुनाबाजार:
तो मजकूर डायलखाली होता हो, तिथे कोण घासायला जातंय! माझा मुद्दा पैशाचा आहे. "केस नंतरची" एवढं पावतीवर लिहून देणारा एक विक्रेता दाखवा.

लंबक:
दिलं लिहून तर मी तेवढ्याच किमतीत घेईन. तुम्ही निम्म्यावर याल, म्हणून तर कुणी लिहीत नाही.