दादरा-नगर हवेली पेशव्यांनी पोर्तुगीजांना खरंच देऊन टाकली होती का?

वापीवाला
फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय की नाना फडणवीसांनी एका जहाजाच्या भरपाईपोटी अख्खी नगर हवेली पोर्तुगीजांना देऊन टाकली आणि म्हणून 1954 ला पोरांना जिवावर उदार होऊन ती सोडवावी लागली. त्यात भर म्हणजे हेगच्या आंतरराष्ट्रीय कोर्टात केस झाली, ती एक काका म्हणतात पोर्तुगाल जिंकलं आणि दुसरे म्हणतात भारत जिंकला. दोन्ही कसं होईल? आणि मला खरा प्रश्न वेगळाच पडलाय, चारी बाजूंनी ब्रिटिश मुलुख असताना पोर्तुगीजांनी त्यांच्या किनाऱ्यावरच्या दमणहून सिल्वासाला (नगर हवेलीचं मुख्य गाव) पोलीस पाठवायचे कसे? कोणाला विचारायचे की सरळ घुसायचे?

मोडीवेडा
जहाज खरंय. सांताना नावाची पोर्तुगीज फ्रिगेट, 1772 ला मराठी आरमाराने तिचं नुकसान केलं. पण तह झाला 1779 ला, तेव्हा सवाई माधवराव पाच वर्षांचे, इंग्रजांशी पहिलं युद्ध चालू, पुण्याला एवढंच हवं होतं की गोवेकर फिरंगी इंग्रजांना जाऊन मिळू नये. त्यासाठी वर्षाला 12,000 रुपये वसुलाची गावं द्यायची कबूल केली आणि मग आपल्या पद्धतीप्रमाणे रखडवली, सनदा निघाल्या 1783 आणि 1785 ला.
आता मुद्दा असा की दिला तो वसूल. सरंजाम. सरंजामात गावचा पैसा सरदाराने खायचा, गाव राज्याचंच राहतं, आणि मनात आलं तर सरकार सरंजाम जप्तही करतं. असे सरंजाम पेशव्यांनी ढिगाने दिलेत, म्हणून प्रत्येक सरदार काय स्वतंत्र राजा झाला का? फॉरवर्डवाल्यांना एवढं कळलं तरी पुष्कळ.

घाटावरचा
मोडीवेडा, कागदावर बरोबर आहे तुमचं, पण पेशवाई 1818 ला बुडाली, पुढे सरंजाम परत मागणार कोण? इंग्रजांनी कधी मागितला नाही. पोर्तुगीजांचा कर, पोर्तुगीजांचा कारभारी, पोर्तुगीजांचे पोलीस, शे-सव्वाशे वर्षं कोणी हूं की चूं केलं नाही. एवढा काळ गेल्यावर नाना काय म्हणाले होते याला कोर्टात काय किंमत राहते?

बॅकबेंच वकील
गंमत अशी की कोर्टाने तुम्हा दोघांनाही बरोबर ठरवलंय. भारताचं म्हणणं होतं की तहाचा मराठी मजकूर आणि पोर्तुगीज मजकूर जुळतच नाही, तेव्हा तहच झाला नाही. ते कोर्टाने ऐकलं नाही, तह झाला म्हणाले, पण मराठी मजकूर वाचून असंही म्हणाले की यात फक्त सरंजाम दिलाय, सार्वभौमत्व नाही. मग ते आलं कुठून? तर इंग्रज आल्यावर त्यांनी पोर्तुगीजांना तिथले मालक म्हणूनच वागवलं आणि पुढे भारतानेही ते गृहीत धरलं, त्यातून.

वापीवाला, तुमच्या पोलिसांच्या प्रश्नावरच सगळी केस फिरली म्हटलं तरी चालेल. साधी माणसं, सिव्हिल अधिकारी, माल हे बिनदिक्कत जायचे-यायचे, कस्टम वगैरे सोडलं तर कोणी अडवत नव्हतं. बंदूकवाल्यांचं तसं नव्हतं. 1878 चा इंग्रज-पोर्तुगीज करार आहे (मिठाच्या मक्त्याबद्दल इंग्रज वर्षाला 4 लाख रुपये देणार होते तोच), त्यात कलम होतं की एकाचं सशस्त्र दल दुसऱ्याच्या हद्दीत रीतसर विनंती केल्याशिवाय जाणार नाही. करार 1892 ला संपला पण वागणूक तीच राहिली. 1940 ला थोडं सैल केलं, दहापर्यंत पोलीस असतील तर गेल्यावर 24 तासांत कळवलं की झालं, जास्त असतील तर आधी मंजुरी. हेच सगळे कागद पोर्तुगालच्या अंगावर आले, कारण दर वेळी परवानगी मागणारा माणूस हक्क आहे असं कसं म्हणणार?

12 एप्रिल 1960 चा निकाल: साध्या लोकांना आणि मालाला जाण्याचा हक्क पोर्तुगालला होता, 11 विरुद्ध 4. सैन्य, सशस्त्र पोलीस, दारूगोळा यांचा नव्हता, 8 विरुद्ध 7, म्हणजे एका मताने वाचलो. आणि 1954 ला भारताने रस्ता अडवला त्यात काही मोडलं नाही, 9 विरुद्ध 6. दोन्ही काकांना पोस्ट वाचायला द्या.

वापीवाला
भारी. पण साध्या लोकांचा हक्क होता तर 1954 ला त्यांनाही अडवलं ना आपण? मग मोडलं कसं नाही?

बॅकबेंच वकील
कारण तो हक्क भारताच्या नियंत्रणाखालचा होता. जुलैत दादरा पोर्तुगीजांच्या हातून गेलं, आजूबाजूच्या गावांत वातावरण तापलेलं, अशा वेळी आपल्या हद्दीतली ये-जा थांबवणं हा आपला अधिकार, असं कोर्टाचं म्हणणं. मला स्वतःला हे थोडं सोयीस्कर वाटतं, पण आपल्या बाजूने लागलंय तर कशाला बोला. पोर्तुगाल तरी कुठे सरळ होतं, 19 डिसेंबर 1955 ला कोर्टाचं अधिकारक्षेत्र मान्य केलं आणि 22 ला केस टाकली!

घाटावरचा
आणि निकाल लागला तेव्हा सिल्वासा पोर्तुगीजांच्या हातातून जाऊन साडेपाच वर्षं झाली होती, 2 ऑगस्ट 1954 लाच (सुधीर फडके पण होते त्या तुकड्यांत). 1961 पर्यंत तिथे वरिष्ठ पंचायत राज्य चालवत होती, विलीनीकरणावर सही करायला बदलानी नावाच्या आयएएस अधिकाऱ्याला चक्क एका दिवसाचा पंतप्रधान केला. पोर्तुगालने हे सगळं मान्य केलं ते थेट 1974 ला, तिकडची हुकूमशाही पडल्यावर.

मोडीवेडा
त्या एका दिवसाच्या पंतप्रधानावर कोणीतरी वेगळा धागा काढा राव.