हाताने बनवलेल्या नैसर्गिक क्रीमसाठी एवढे पैसे मोजल्यावर अपेक्षा तरी काय ठेवावी?

अबोली

एका छोट्या घरगुती उद्योगाकडून मागवलेल्या तीन वस्तूंविषयी जाणकारांचे मत हवे आहे. कोरफड आणि गुलाबजल घातलेले चेहऱ्याचे क्रीम, शिया बटरचे बाम आणि हाताने कापलेला साबण असा तो संच होता. दुकानात मिळणाऱ्या त्याच प्रकारच्या चांगल्या वस्तूंच्या कितीतरी पट किंमत त्याला पडली. ती मी कुरकुर न करता दिली, कारण कमी प्रमाणात आणि लक्ष घालून केलेली वस्तू महाग असणार हे मला मान्य आहे.

बांधणी अतिशय देखणी होती. जाड काचेची बरणी, सुती फीत, हाताने लिहिलेली आभाराची चिठ्ठी, सगळे काही होते. पण वापरायला सुरुवात केल्यावर थोड्याच दिवसांत क्रीमवर पाण्याचा पातळ थर सुटला आणि झाकणाच्या आतल्या कडेला करडे ठिपके दिसू लागले. बाम रवाळ झाले असून ते बोटाने चोळले की बारीक कण हाताला लागतात. साबणावर केशरी डाग पडले आहेत आणि त्याला जुन्या तेलासारखा खवट वास येतो. विक्रेत्यांना कळवले, तेव्हा त्यांनी अत्यंत गोड शब्दांत उत्तर दिले की यात केमिकल नसल्यामुळे असे होणारच आणि नैसर्गिक वस्तूचे हेच लक्षण आहे.

हे खरोखरच स्वाभाविक आहे का? नसेल तर या किमतीत आपण नेमके कशाचे पैसे देतो? आणि एकट्याने धडपडणाऱ्या माणसाच्या वस्तूबद्दल उघडपणे नापसंतीचा अभिप्राय लिहिणे कितपत योग्य आहे, याबद्दलही माझे मन द्विधा आहे.

साबणकार

मी स्वतः साबण करते आणि थोड्या प्रमाणात विकतेही, त्यामुळे माझे मत पूर्ण तटस्थ नाही हे आधीच सांगून टाकते. तुमच्या तीन तक्रारी एका मापाने मोजता येणार नाहीत.

बाम रवाळ होणे हा दोष दिसायला वाईट असला तरी निरुपद्रवी आहे. शिया बटरमध्ये वेगवेगळ्या तापमानाला गोठणारे स्निग्ध पदार्थ एकत्र असतात. ते वितळून सावकाश थंड झाले, की लवकर गोठणारा भाग आधी कणांच्या रूपाने वेगळा होतो. पाठवणीच्या वाटेत उन्हात तापलेल्या पेटीतही हे घडू शकते. मंद आचेवरच्या गरम पाण्यात बरणी ठेवून बाम पूर्ण वितळवा आणि लगेच शीतकपाटात ठेवा, म्हणजे बहुधा ते पुन्हा गुळगुळीत होईल.

साबणाचे मात्र तसे नाही. तेल आणि कॉस्टिक सोडा यांची रासायनिक क्रिया झाल्याशिवाय घन साबण तयारच होत नाही, त्यामुळे ‘केमिकल नसलेला साबण’ हे शब्द मला नेहमी खटकतात. १०० ग्रॅम खोबरेल तेलाचा पूर्ण साबण व्हायला सुमारे १८ ग्रॅम सोडा लागतो आणि तेवढ्याच ऑलिव्ह तेलाला सुमारे साडेतेरा ग्रॅम. नीट मोजमाप केलेल्या आणि मुरवलेल्या साबणात हा सोडा शिल्लक राहत नाही. बहुतेक जण सोडा मुद्दाम थोडा कमी घेतात, म्हणजे साधारण ५ ते ८ टक्के तेल तसेच राहते आणि साबण त्वचेला कमी कोरडा वाटतो. हेच शिल्लक तेल जुने असेल, लवकर खवट होणाऱ्या जातीचे असेल किंवा साबण दमट आणि उबदार जागी ठेवला गेला असेल, तर हवेतल्या प्राणवायूशी त्याची क्रिया होऊन केशरी डाग पडतात. असा साबण वापरल्याने सहसा काही मोठे बिघडत नाही, पण विकण्याच्या लायकीचा तो नव्हे. ताज्या तेलाचा साबण चार ते सहा आठवडे हवेशीर जागी मुरवून विकला, तर तो इतक्या लवकर खवट व्हायला नको.

आता किमतीबद्दल. आम्ही तेल किरकोळीने घेतो, मोठा कारखाना पिंपाने घेतो. आमचा साबण महिनाभर फळीवर पडून असतो आणि तेवढे दिवस त्यात पैसे अडकतात. काही वड्या कापताना मोडतात, काही घाणे मनासारखे जमत नाहीत. बरणी, लेबल, खोका आणि पाठवणी यांचा खर्च आतल्या मालापेक्षा जास्त होणे अगदी नेहमीचे आहे. त्यावर स्वतःच्या तासांची मजुरी लावली, की ग्राहकाला धक्का बसेल असा आकडा तयार होतो. तरीही त्यात लूट असतेच असे नाही.

शंकेखोर

साबणकारताईंचा हिशेब प्रामाणिक आहे, पण त्यातून ग्राहकाने काय घ्यायचे? किरकोळीने तेल घेतल्यामुळे उत्पादकाचा खर्च वाढला, म्हणून माझ्या त्वचेला काही अधिक मिळत नाही. तो खर्च खरा असेल, पण तो भरून देणे ही माझी जबाबदारी नाही. वस्तू वेगळी असेल, ताजी असेल, माझ्या गरजेप्रमाणे करून दिलेली असेल, तर जास्त पैसे देण्यात मला कमीपणा वाटणार नाही.

माझा खरा राग आहे तो लेबलांवर. घटकांची यादी प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहिण्याची पद्धत बहुतेक ठिकाणी रूढ आहे, फक्त १ टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक शेवटी कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. एवढे कळले, की बरेच पितळ उघडे पडते. समोर मोठ्या अक्षरांत गुलाब किंवा केशर असते आणि यादीत सूर्यफुलाचे तेल पहिले, तर तो दुर्मीळ घटक अगदी शेवटी. गुलाबाचे एक किलो अस्सल तेल काढायला साधारण ३ ते ५ टन पाकळ्या लागतात, त्यामुळे ते भरभरून घातल्याचा दावा कोणत्याही बरणीच्या किमतीत बसणे कठीण आहे. काही विक्रेते तर तयार साबणाचा पाया बाजारातून आणतात, वितळवून त्यात रंग, वास आणि दोन पाकळ्या टाकतात आणि ‘स्वहस्ते घडवलेला’ म्हणून विकतात. असे करण्यात गैर काही नाही, पण तसे सांगावे आणि किंमतही त्या मानाने लावावी.

चेहऱ्याला लावायचे तेलच हवे असेल, तर तेच एक चांगले तेल साध्या बाटलीत विकत घ्या. चार तेलांचे मिश्रण लहान कुपीत भरून त्याला ‘अमृत’ वगैरे नाव दिले, की त्याची किंमत का चढते हे मला आजवर कोणी पटवून दिलेले नाही.

प्रयोगवही

सौंदर्यप्रसाधनांची सूत्रे तयार करणे हा माझा व्यवसाय आहे. साबण आणि बाम यांबद्दल वर लिहिले गेले आहेच, म्हणून मी फक्त क्रीमबद्दल लिहितो, कारण अबोलीताई, तुमच्या तिन्ही वस्तूंत काळजी करण्यासारखी तीच एक आहे. ते क्रीम कृपया वापरू नका. वरचे ठिपके काढून खालचे वापरण्याचा मोहही टाळा. डोळ्यांना दिसणारी बुरशी ही फार उशिराची अवस्था असते आणि जिवाणूंची वाढ तर बऱ्याचदा दिसतही नाही, वासही येत नाही. डोळ्यांच्या आसपास किंवा जखम, पुरळ असलेल्या त्वचेवर असे क्रीम लावले, तर संसर्ग होऊ शकतो.

यामागचे कारण अगदी साधे आहे. बाममध्ये आणि तेलात पाणी नसते, त्यामुळे त्यांत जंतू सहसा वाढत नाहीत. ओला हात घातला तर गोष्ट वेगळी. क्रीममध्ये मात्र बहुधा निम्म्याहून जास्त पाणीच असते. कोरफडीचा रस आणि गुलाबजल हेही शेवटी पाणीच, आणि त्यातही जंतूंना पोषक द्रव्ये असलेले. मध स्वतः टिकतो म्हणून मध घातलेले क्रीमही टिकेल, असे पुष्कळांना वाटते. पण मध टिकण्याचे एक मोठे कारण त्यात पाणी फार कमी असते हे आहे, आणि क्रीममध्ये पातळ झाल्यावर तो गुण उरत नाही. म्हणून पाणी असलेल्या कोणत्याही क्रीमला योग्य प्रिझर्व्हेटिव्ह, म्हणजे जंतूंची वाढ रोखणारा घटक, लागतोच. एकच वापर होईल असे बंद पाकीट किंवा काही खास बांधणी एवढेच त्याला अपवाद.

छोट्या उत्पादकांकडून इथे दोन गैरसमज वारंवार ऐकायला मिळतात. पहिला म्हणजे ई जीवनसत्त्व घातले की क्रीम टिकते. ते तेल खवट होण्याचा वेग कमी करते, जंतूंना अडवत नाही. दुसरा म्हणजे ग्रेपफ्रूटच्या बियांचा अर्क. त्याच्या बाजारी नमुन्यांची तपासणी झाली, तेव्हा ज्यांत जंतुरोधक गुण आढळला त्यांत बेन्झेथोनियम क्लोराइडसारखी कृत्रिम द्रव्ये निघाली होती. बेन्झोइक आणि सॉर्बिक आम्लांचे क्षार हे प्रिझर्व्हेटिव्ह अनेकांना सौम्य वाटतात आणि ते वापरायला हरकतही नाही, पण ते आम्लधर्मी मिश्रणातच नीट काम करतात. म्हणजे क्रीमचा पीएच, अर्थात ते किती आम्लधर्मी आहे, हे मोजणे आलेच. पाणी सुटणे हा वेगळा दोष आहे. पाणी आणि तेल धरून ठेवणारा घटक कमी पडला किंवा चुकीचा निवडला की क्रीम फाटते. नुसत्या मेणावर भिस्त ठेवली, तर असे हमखास होते.

किमतीच्या चर्चेत मला एक गोष्ट खुपते. लहान उत्पादकाला खरोखर परवडत नाही असा खर्च म्हणजे तपासणीचा. क्रीममध्ये मुद्दाम ठराविक जंतू सोडून ते किती दिवसांत मरतात हे पाहणारी एक प्रमाणित चाचणी असते आणि तिला पैसे लागतात. नेमक्या याच खर्चासाठी मी आनंदाने जास्त किंमत देईन. पण होते असे, की काचेची बरणी, फीत आणि छायाचित्रे यांवर हात सैल सुटतो आणि ग्राहकाला न दिसणाऱ्या या कामावर आखडता घेतला जातो. अबोलीताईंचा संच त्याचाच नमुना दिसतो.

नैसर्गिक म्हणजे सौम्य, हेही सरसकट खरे नाही. लव्हेंडरसारख्या सुगंधी तेलांतले लिनालूल आणि लिंबूवर्गीय तेलांतले लिमोनीन हवेशी संपर्क येऊन जुने झाले, की त्यांपासून ॲलर्जी होण्याची शक्यता वाढते. बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाच्या सालीतून दाबून काढलेले तेल लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होऊन डागही पडू शकतात.

कुपी

मीही छोटी विक्रेती आहे, म्हणून फक्त अभिप्रायाबद्दल लिहिते. अवश्य लिहा. आम्हाला खरा त्रास होतो तो ‘बेकार, पैसे वाया’ अशा दोन शब्दांच्या शेऱ्याचा, कारण त्यातून काय सुधारायचे ते कळत नाही. कोणत्या तारखेला उघडले, कुठे ठेवले, काय बदल दिसला, एवढे लिहिले तर तो अभिप्राय पुढच्या ग्राहकाच्याही उपयोगी पडतो आणि आमच्याही. ‘बिचारी एकटी करते’ म्हणून गप्प बसलात, तर तेच क्रीम दुसऱ्या कोणाच्या तरी चेहऱ्यावर जाईल.

पण लिहिण्याआधी त्यांना घाण्याचा, म्हणजे एका वेळी बनवलेल्या मालाचा, क्रमांक विचारा. ज्यांच्याकडे तो नसतो, त्यांना त्याच दिवशी बनलेल्या बाकीच्या बरण्या कोणाकडे गेल्या हे शोधताच येत नाही. तुम्हाला पैसे परत मिळण्यापेक्षाही हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो.

अबोली

सर्वांचे आभार. बाम वितळवून थंड केले आणि ते खरोखरच मऊ झाले, त्यामुळे त्याबद्दलची तक्रार मी मागे घेते.

विक्रेत्यांना घाण्याचा क्रमांक, बनवल्याची तारीख आणि प्रिझर्व्हेटिव्हचे नाव विचारले. क्रमांक ठेवत नाही, तारीख ‘अगदी ताजी’ आणि प्रिझर्व्हेटिव्ह म्हणून ई जीवनसत्त्व, असे उत्तर आले. सोबत पुढच्या खरेदीवर सवलत देऊ केली. मी क्रीमचे पैसे परत मागितले आहेत आणि तसे क्रीम आणखी कोणाला गेले असल्यास कळवावे, अशी विनंतीही केली आहे. अजून उत्तर नाही. अभिप्रायात क्रीम, साबण आणि बाम यांबद्दल वेगवेगळे लिहीन.

एक विचारायचे राहिले. त्यांच्याकडूनच घेतलेली चेहऱ्याच्या तेलाची एक न उघडलेली बाटलीही माझ्याकडे आहे. तीही टाकून द्यावी का?

प्रयोगवही

टाकायची गरज नाही. यादीत गुलाबजल, कोरफड किंवा दुसरा कोणताही पाणी असलेला घटक नसेल, तर जंतूंची भीती फारशी नाही. उघडून वास घ्या. खवट वाटले तर अंगाला लावू नका. वास ठीक असेल तर कोपराच्या आतल्या बाजूला थोडेसे लावून काही दिवस रोज पाहा, कारण ॲलर्जीची प्रतिक्रिया पहिल्याच दिवशी दिसेल असे नाही. लिंबूवर्गीय तेल यादीत असल्यास ते फक्त रात्री वापरा. बाटली अंधाऱ्या, थंड जागी ठेवा. आणि क्रीमची बरणी टाकण्याआधी तिच्या लेबलाचे आणि झाकणाच्या आतल्या कडेचे छायाचित्र तेवढे काढून ठेवा, पैशांचा वाद वाढला तर लागेल.