मदत हवी आहे : थार सीआरडीईच्या पुढच्या सॉलिड अ‍ॅक्सलचा कास्टर आणि पिनियन एकत्र जुळत नाहीत

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे २०१४ ची महिंद्रा थार सीआरडीई (कॉमन-रेल डिझेल इंजिनची आवृत्ती) आहे. तिला मागे कमानपाट्यांवरचा (लीफ स्प्रिंगवरचा) अखंड, म्हणजे सॉलिड अ‍ॅक्सल आहे, पण पुढची दोन्ही चाके टॉर्शन बारच्या (पिळल्यावर स्प्रिंगसारखे काम करणाऱ्या दांड्यांच्या) स्वतंत्र सस्पेन्शनवर आहेत. त्याच काळातल्या थार डीआयला पुढेही पाट्यांवरचा सॉलिड अ‍ॅक्सल येत असे. असा एक फोर-बाय-फोर अ‍ॅक्सल मला जुन्या बाजारात मिळाला असून गेले तीन महिने तो माझ्या गाडीखाली बसवण्याचे काम चालू आहे. सध्या सगळे टॅक वेल्डवर (तात्पुरत्या ठिपक्यांच्या वेल्डिंगवर) आहे. अडचण थोडक्यात अशी : कास्टर (चाक वळण्याच्या आसाचा मागे झुकलेला कोन) योग्य केला की पिनियनचा (डिफरन्शियलच्या तोंडाशी शाफ्टला जोडलेल्या गिअरचा) कोन बिघडतो. पक्के वेल्डिंग करण्याआधी जाणकारांचे मत घ्यावे, म्हणून हा धागा काढत आहे.

हा उपद्व्याप कशासाठी, असे कोणी विचारील, म्हणून थोडी पार्श्वभूमी देतो. गाडी मुख्यतः ताम्हिणीच्या बाजूला एका मित्राच्या खाजगी जमिनीत चालते. तिथल्या ओढ्यात काळ्या दगडाचे गुडघाभर उंचीचे गोटे आहेत. उंची मिळावी म्हणून मी टॉर्शन बार प्रमाणाबाहेर पिळले, त्यामुळे सीव्ही जॉइंटचा (चाकाला शक्ती देणाऱ्या लवचीक सांध्याचा) कोन वाढला आणि एका पावसाळ्यात त्यावरचे दोन रबरी बूट फाटले. ती चूक माझीच होती. परंतु त्यातून एवढे लक्षात आले की, मला हवी असलेली चाकाची खालवर हालचाल या रचनेतून मिळणार नाही. एक चाक दगडावर चढले की सॉलिड अ‍ॅक्सल दुसऱ्या चाकाला खाली दाबतो. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये ते दुसरे चाक बहुधा हवेत लोंबकळत राहते.

आतापर्यंत झालेले काम असे आहे. पुढचा क्रॉसमेंबर, टॉर्शन बार आणि कंट्रोल आर्म काढून चॅसिस साफ केली आहे. डिफरन्शियलचा गोळा ट्रान्सफर केसच्या (गिअरबॉक्सची शक्ती पुढच्या-मागच्या चाकांना वाटणाऱ्या डब्याच्या) पुढच्या तोंडाशी जुळतो. क्राउन-पिनियनचा जोड बदलून गुणोत्तर मागच्या अ‍ॅक्सलइतके करून घेतले आहे. त्याची खात्री जुन्या पद्धतीने केली : एक चाक जमिनीवर ठेवून दुसरे पूर्ण दोन फेरे फिरवले आणि प्रोपेलर शाफ्टवरची (ट्रान्सफर केसपासून डिफरन्शियलपर्यंतच्या दांड्यावरची) खडूची खूण किती वेळा वर येते ते मोजले. मागेही तसेच केले. मूळच्या स्टिअरिंग रॅकचा इथे काहीच उपयोग नव्हता, कारण अ‍ॅक्सल वरखाली होताना चॅसिसवर घट्ट बसलेला रॅक चाकांना आपोआप वळवत राहिला असता. म्हणून पॉवर स्टिअरिंगचा बॉक्स चॅसिसला बाहेरून बसवून, लांब ड्रॅग लिंक (बॉक्सपासून चाकाकडे जाणारा दांडा) अ‍ॅक्सलला समांतर ठेवून पलीकडच्या नकलपर्यंत (चाकासह वळणाऱ्या भागापर्यंत) नेली आहे. एक फायदा अनायासे झाला. या गाडीची पुढची चाके मागच्यापेक्षा सुमारे चार इंच जास्त रुंदीवर चालत असत. नवा अ‍ॅक्सल मागच्या चाकांच्या बराच जवळ आला आहे.

आता मुख्य अडचण सांगतो. गाडी पूर्ण वजनासह चाकांवर उभी करून, किंगपिनच्या (चाक ज्या खिळीभोवती वळते तिच्या) वरच्या टोपीच्या सपाट भागावर डिजिटल कोनमापक ठेवून कास्टर मोजला. पिनियन आडवा, म्हणजे ट्रान्सफर केसच्या तोंडाला समांतर ठेवला, तर कास्टर जेमतेम दीड अंश मिळतो. मला तो सहा अंशांच्या आसपास हवा आहे, कारण इतक्या कमी कास्टरवर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही आणि पन्नास-साठच्या वेगाला पुढची चाके थरथरू लागतील, ही भीती आहे. पण कास्टर सहा करण्यासाठी अ‍ॅक्सल फिरवला की पिनियनचे नाक साडेचार अंश खाली जाते. ट्रान्सफर केस आणि पिनियन यांच्या उंचीत ९ इंचांचा फरक असून आडवे अंतर २७ इंच आहे, म्हणजे शाफ्टचा उतार आधीच १८ अंशांवर गेला आहे. त्यात साडेचार अंशांची भर पडली की खालच्या क्रॉसचा (शाफ्टच्या टोकाच्या युनिव्हर्सल जॉइंटचा) कोन साडेबावीस अंशांच्या वर जातो.

एका वेल्डिंगवाल्याने नळीच्या टोकाचे वेल्ड कापून, नकल फिरवून पुन्हा वेल्ड करण्याचा उपाय सुचवला. त्याच्याकडे त्यासाठी जिग (तुकडे अचूक जागी धरून ठेवणारा साचा) नाही. उष्णतेने नळी वाकली, तर कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि टो (चाकांचा आत-बाहेरचा रोख) दोन्ही बिघडतील, म्हणून मी त्याला थांबवले.

माझे प्रश्न दोन आहेत. कास्टर आणि पिनियन यांपैकी कशाला प्राधान्य द्यावे? आणि पाट्याचे शॅकल (पाट्याचे टोक चॅसिसला जोडणारी झुलती कडी) सध्या पुढच्या टोकाला आहे, ते मागे घेण्यात फायदा आहे का?

प्रतिसाद १

प्राधान्य निःसंशय कास्टरला द्यावे. तुमच्या अ‍ॅक्सलला फ्री-व्हीलिंग हब (चाक शाफ्टपासून सोडवता येणारे) असतील, तर रस्त्यावर हब मोकळे ठेवल्यावर पुढचा शाफ्ट चाकांमुळे फिरतच नाही. तो फिरणार फक्त फोर-बाय-फोरमध्ये, तोही बहुतांशी लो रेंजमध्ये (संथ चालीच्या गिअरमध्ये). दोन क्रॉसचे कोन असमान असल्याने येणारे कंपन त्या वेगाला सहन होण्यासारखे असते. कमी कास्टरची गाडी मात्र तुम्हाला प्रत्येक किलोमीटरला छळेल.

तुमची खरी काळजी कंपनाची नसून अडकण्याची असायला हवी. गाडी जॅकवर चढवा, दोन्ही चाके पूर्ण खाली लोंबू द्या आणि शाफ्ट हाताने फिरवा. क्रॉसचे कान एकमेकांना घासले, तर तो शाफ्ट पहिल्याच ओढ्यात तुटेल. घासण्याच्या जागी योकची (क्रॉस धरणाऱ्या फाट्याची) कड थोडी घासून घेता येते, पण अगदी थोडीच.

त्यापेक्षा सोपा मार्ग तुमच्याच आकड्यांत आहे. पाट्यांची उंची दोन इंच कमी करा. ९ चे ७ झाले की उतार साडेचौदा अंशांवर येतो आणि सहा अंश कास्टर ठेवूनही खालचा क्रॉस १९ अंशांवर राहतो. टायरला जागा हवी असेल, तर फेंडर कापा. उंच गाडी फोटोत छान दिसते, पण आडव्या उतारावर तिच्यात बसलेल्यालाच तिची किंमत कळते.

आणखी एक सूचना : हा कोन अ‍ॅल्युमिनियमच्या पाचरी घालून साधू नका, त्या चिरडतात. तुमच्या पाट्यांच्या बैठका अजून टॅकवरच आहेत, तेव्हा त्याच योग्य कोनात फिरवून वेल्ड करा.

प्रतिसाद २

शॅकलबद्दल लिहितो. शॅकल पुढे असले की पाटा दबताना अ‍ॅक्सल पुढे सरकतो, म्हणजे समोरच्या दगडाकडेच जातो; म्हणून रस्त्यावर आणि खड्ड्यांत हादरे जास्त बसतात. शॅकल मागे घेतले की अ‍ॅक्सल दगडापासून मागे सरतो आणि गाडी मऊ चालते. पण मग दबताना शाफ्टची लांबी कमी होते, म्हणून स्लिप जॉइंटला (शाफ्टची लांबी कमी-जास्त होऊ देणाऱ्या सांध्याला) तेवढी चाल हवी. ती नसेल, तर शाफ्ट ट्रान्सफर केसच्या बेअरिंगवर धडकेल. शिवाय ब्रेक मारल्यावर नाक अधिक झुकते. तुमचा वापर संथ गोट्यांतला असल्याने आहे तसे पुढेच राहू द्यावे, असे माझे मत आहे.

कोणी विचारले नाही, तरी सांगायला हवे : मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मुळे नोंदणीतील तपशील मूळ उत्पादकाच्या विनिर्देशांपासून वेगळे होतील असा बदल करता येत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली आहे. अपघात झाल्यास विमा कंपनी पहिल्यांदा गाडीखाली वाकून पाहील.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. कायद्याची जाणीव आहे. म्हणूनच काम पूर्ण झाल्यावर गाडी मित्राच्या जमिनीपर्यंत ट्रेलरवरूनच न्यायची, असे ठरवले आहे. शॅकल पुढेच ठेवतो.

हब मोकळे करण्याचेच आहेत. आज सकाळी चाके लोंबकळत ठेवून शाफ्ट फिरवला, तेव्हा खालचा क्रॉस एका जागी अडतो, हे दिसले. योकच्या कानावर ताजी चमकणारी घसट उठली आहे. त्यामुळे पाट्यांचे एकेक पान (पट्टी) कमी करून दीड-दोन इंच खाली येण्याचा विचार पक्का केला आहे. फक्त एक शंका उरते : पान कमी केल्यावर पुढचे वजन पेलताना पाटा सरळ होऊन उलटा वाकू नये, यासाठी मुख्य पान तसेच ठेवून खालचे सर्वांत आखूड पान काढावे की मधले? कोणी हे प्रत्यक्ष केले असेल, तर कृपया सांगावे. बैठकांचे वेल्डिंग तोवर थांबवून ठेवतो.