विषय: सईचा टी लेव्हलचा पेपर (आणि शनिवारचं पॉटलक)

वंदना, रेडिंग

नमस्कार मंडळी,

सई यंदा टी लेव्हल डिजिटलच्या पहिल्या वर्षाला आहे. ज्यांची मुलं अजून लहान आहेत त्यांच्यासाठी: दोन वर्षांचा कोर्स, तीन ए लेव्हल्सच्या (म्हणजे इथल्या बारावीच्या विषयांच्या) बरोबरीचा, त्यात किमान ३१५ तास एखाद्या कंपनीत प्रत्यक्ष काम. इंग्लंडमध्ये २०२० पासून सुरू झालाय. पुण्याला आईला समजावलं तर ती म्हणाली, "म्हणजे आयटीआयच ना?" मी हो म्हणून मोकळी झाले.

तिच्या पेपरात सिक्युरिटी, कायदे आणि कंपन्यांमधले बदल असे तीन धडे आहेत. कार्डं करून सगळं पाठ करते आणि दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. आयटीतलं कुणी तासभर तिच्याबरोबर बसेल का? पोहे आणि चहा माझ्याकडे.

प्रशांत, सचिव

वंदनाताई, याच मेलला उत्तर देतोय, राग मानू नका. मंडळाच्या शनिवारच्या पॉटलकची एक्सेल जोडली आहे. आपापला पदार्थ लिहून मला परत पाठवा. भरली वांगी आत्ताच तिघांनी लिहिली आहेत, कृपया तुटून पडू नका.

दिलीप, स्विंडन

वंदना, पाठ कशाला करतेय पोर? कायदा कशामुळे आला एवढं विचारायचं, मग तो विसरत नाही.

मी इथे आलो तेव्हा जुने सहकारी प्रेस्टेलची गोष्ट रंगवून सांगायचे. इंटरनेटच्या आधी टेलिफोनवरून चालणारी ब्रिटिश टेलिकॉमची माहितीसेवा होती ती. रॉबर्ट शिफ्रीन नावाच्या पत्रकाराने ओळख क्रमांक म्हणून दहा वेळा २ दाबला, पासवर्ड १२३४ टाकला आणि तो थेट आत गेला. पुढे तो आणि त्याचा मित्र स्टीफन गोल्ड पार प्रिन्स फिलिपच्या मेलबॉक्सपर्यंत पोचले. खटला भरायचा कशाखाली? तेव्हा कायदाच नव्हता. मग १९८१ चा बनावट कागदपत्रांचा कायदा ओढूनताणून लावला. १९८८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हा इथलं सर्वोच्च न्यायालय तेच) सांगितलं, हा कायदा इथे बसत नाही, आणि दोघे सुटले. म्हणून १९९० चा कम्प्युटर मिसयूज ॲक्ट आला. त्याचं कलम १ एवढंच म्हणतं: परवानगी नाही हे माहीत असताना आत शिरलास, तर गुन्हा. काही चोरलं नाही, मोडलं नाही, तरीही. शिक्षा दोन वर्षांपर्यंत.

बदलाच्या धड्यासाठी टीएसबी बँक घे. (मी आयुष्यभर बँकांच्याच कम्प्युटर खोल्यांत बसलो, त्यामुळे ही गोष्ट मला जरा जास्तच आवडते.) स्पेनच्या सबादेल बँकेने ही बँक घेतली, तरी सगळं लॉइड्स बँकेच्या भाड्याच्या सिस्टिमवर चालायचं. ते भाडं वाचवायला एप्रिल २०१८ मध्ये एका शनिवार-रविवारात सगळं नव्या सिस्टिमवर हलवलं. सोमवारी लोकांना स्वतःची खाती उघडेनात. काहींना तर दुसऱ्याचीच दिसली! ५२ लाख ग्राहकांपैकी मोठ्या हिश्श्याला झळ बसली, आणि घडी नीट बसायला डिसेंबर उजाडला. नंतरच्या चौकशीत निघालं की डेटा सेंटर दोन आणि भार पेलण्याची चाचणी एकाचीच. त्या गोंधळात भामटे "बँकेतून बोलतोय" म्हणून फोन करत होते आणि घाबरलेले लोक पिन सांगत होते. २०२२ मध्ये दंड झाला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंड. आता यात सिक्युरिटी कुठे संपते आणि बदल कुठे सुरू होतो, ते सईने मला सांगावं. रविवारी चारला येतो. पोह्यांवर शेव हवी.

सई (आईच्या अकाउंटवरून)

दिलीपकाका, थँक यू. माझं मराठी टायपिंग हळू आहे.

मला प्रशांतकाकांच्या एक्सेलबद्दल सांगायचंय. खाली दुसरा टॅब आहे. तो "हाइड" केलाय, पण राइट क्लिक केलं की उघडतो. त्यात मागच्या वर्षीचे सगळे मेंबर आहेत. पत्ते, फोन, मुलांच्या जन्मतारखा. आणि ॲलर्जी. मला शेंगदाण्याची आहे ते पण.

आमच्या सरांनी उत्तर आयर्लंडच्या पोलिसांची केस शिकवली होती. २०२३ मध्ये कुणीतरी माहिती अधिकारात काही आकडे मागितले होते. उत्तरात एक्सेल गेली आणि तिच्यात असाच लपलेला टॅब होता, ९,४८३ पोलीस आणि कर्मचाऱ्यांची नावं. साडेसात लाख पौंड दंड झाला. तिथे कुणी हॅक केलं नव्हतं, म्हणून १९९० चा कायदा नाही, डेटा प्रोटेक्शन, म्हणजे लोकांची माहिती जपायचा कायदा. आपलं पण तसंच आहे. ॲलर्जी म्हणजे आरोग्याची माहिती, ती स्पेशल कॅटेगरीत येते, म्हणजे जास्त जपायची.

सॉरी काका, मी चुगली करत नाहीये.

प्रशांत, सचिव

अगं सई, तो टॅब मला आधीच्या कमिटीकडून आला तसाच आहे, मी कधी उघडलाही नाही. पण आपण सगळी घरचीच माणसं ना? आपण काय पोलीस आहोत?

मेधा, मिल्टन कीन्स

प्रशांत, चिडू नकोस, पण पोरगी बरोबर बोलतेय. मी शाळेत हेच काम करते. घरगुती वापराला सूट आहे, म्हणजे तुझ्या फोनमधले नंबर. मंडळ त्यात बसत नाही. छोट्या बिनानफ्याच्या संस्थांना माहिती आयुक्तांची (या कायद्यावर देखरेख ठेवणारे) फी बहुतेक वेळा माफ असते, त्यामुळे लोकांना वाटतं कायदाच माफ आहे.

आज हे कर: सगळ्यांना फाइल डिलीट करायला सांग आणि त्या पालकांना सरळ शब्दांत कळव. काय झालं, कधी झालं ते वहीत लिहून ठेव, कारण आयुक्तांना कळवलं नाही तरी नोंद ठेवावीच लागते. कुणाला धोका संभवत असेल तर कळल्यापासून ७२ तासांत आयुक्तांना कळवायचं. ते आज रात्री कमिटीने फोनवर ठरवा, इथे नको.

आणि खरा घोळ पुढेच आहे. दरवर्षी पाडव्याला आपली कमिटी बदलते. हार-तुरे होतात, नारळ दिला जातो, पण पासवर्ड कोण बदलतं? लोक भारतात परत गेले, त्यांच्या लॅपटॉपवर आपल्या मुलांच्या जन्मतारखा तशाच. सईच्या तिसऱ्या धड्याला दुसरं उदाहरण शोधायलाच नको.

प्रशांत, सचिव

बरं. चूक झाली. सर्वांनी आधीची फाइल कृपया डिलीट करावी, ट्रॅशमधूनही. पालकांना वेगळी मेल जाईल. पॉटलकसाठी नवा फॉर्म पाठवतो, त्यात फक्त नाव आणि पदार्थ. भरली वांगी बंद.

श्रीकांत, माजी खजिनदार

मेधाताईंचा मुद्दा अगदी खरा आहे. माझी टर्म संपून चार वर्षं झाली. आत्ता सहज मंडळाच्या ड्राइव्हमध्ये माझ्या जुन्या पासवर्डने जाऊन बघितलं, अजून चालतोय! हिशेबाच्या सगळ्या फाइली दिसतायत.

सई (आईच्या अकाउंटवरून)

श्रीकांतकाका, ते कलम १ आहे.