जुनी बॉक्स्टर एस (९८६) घ्यायची आहे: आयएमएस बेअरिंगशिवाय आणखी काय तपासू?

मध्यइंजिन

२००१ ची पोर्शे बॉक्स्टर एस (पहिली पिढी, कोड ९८६) बघून ठेवली आहे. ३.२ लिटर, सहा गियरची मॅन्युअल, मीटरवर १,१८,००० किमी. सुरुवातीच्या वर्षांची सर्व्हिस बिलं व्यवस्थित आहेत, पुढची तुटक. क्लच कधी बदलला त्याचा कागद नाही, आणि आयएमएस (इंजिनातला इंटरमीडिएट शाफ्ट) बेअरिंगचं तर मालकाला काहीच माहीत नाही. थंड इंजिन सुरू केल्यावर दोनेक सेकंद निळसर धूर आला आणि थांबला. खराब रस्त्यावर पुढून खटखट येते. मालक गाडी लिफ्टवर चढवू देतोय, ऑइल फिल्टर उघडायलाही त्याची ना नाही. स्कॅनरची सोय आहे.

बेअरिंग एकेरी की दुहेरी हे बाहेरून ओळखता येतं का? आणि बाकी कुठे लक्ष द्यावं?

टॉर्करेंच

बाहेरून नाही ओळखता येत. सुरुवातीच्या ९८६ मध्ये दोन ओळींचं बेअरिंग आहे, नंतरच्यांमध्ये एका ओळीचं. बदल झाला तो नेमका २०००-०१ च्या सुमारास, त्यामुळे या दोन मॉडेल वर्षांत दोन्ही सापडतात. गियरबॉक्स, क्लच आणि फ्लायव्हील उतरवून मागचं झाकण दिसेल तेव्हाच खात्री. विक्रेता इंजिन नंबरवरून छातीठोकपणे सांगत असला तरी ते धरून चालू नका. दुहेरी बेअरिंग जास्त टिकतं, हे खरं आहे.

मुळात होतं काय ते बघा. क्रँक (पिस्टन फिरवतात तो मुख्य शाफ्ट) चेनने इंटरमीडिएट शाफ्टला फिरवते आणि तो शाफ्ट पुढे कॅमना (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या शाफ्टना) फिरवतो. त्याचं फ्लायव्हीलकडचं टोक एका सीलबंद बॉल बेअरिंगवर असतं. सील कडक झालं की आतलं ग्रीस धुऊन जातं, इंजिन ऑइल आत झिरपतं आणि तिथेच अडकून राहतं. तुम्ही ऑइल बदलता तेव्हा बेअरिंगमधलं हे ऑइल बदलत नाही. त्यात ओलावा आणि पेट्रोलचा अंश असतो, गोळ्यांवर गंज धरतो, मग खड्डे पडतात. शाफ्ट डुगडुगला की चेन दात सोडते आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. म्हणून छोट्या फेऱ्या मारून वर्षानुवर्षं उभी ठेवलेली ४०,००० किमीची गाडी ही नियमित पळालेल्या १,२०,००० च्या गाडीपेक्षा जास्त जोखमीची. तुमच्या गाडीचे किलोमीटर बघून बिचकू नका.

आता फिल्टर. हीच सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात प्रामाणिक तपासणी आहे. इंजिनखाली प्लास्टिकचा डबा आहे, त्याला ७४ मिमीचा १४ कडांचा कप पाना लागतो. ड्रेन बोल्टला ८ मिमीची ॲलन. कागदी फिल्टरच्या घड्या धारदार कटरने दोन्ही टोकांना कापा; करवत नको, तिचाच कीस आत पडतो. कागद पिळून पांढऱ्या कापडावर पसरा, भरपूर उजेडात तिरका धरून बघा, आणि मग खालून चुंबक फिरवा.

चुंबकाला धरणारे चमकते कण म्हणजे पोलाद, आणि बेअरिंगचा संशय सगळ्यात आधी. डब्याच्या तळाशी जमलेलं ऑइलही गाळून बघा, जड कण तिथेच बसतात. चुंबकाला न धरणारी रुपेरी चमक ॲल्युमिनियमची. तपकिरी किंवा काळे प्लास्टिकचे तुकडे चेनच्या घसरपट्ट्यांचे असतात. त्यातले एक-दोन बारके तुकडे या वयात चालतात, मूठभर चालत नाहीत.

पोलादी कण सापडले तर ‘नवीन बेअरिंग टाकून घेऊ’ हा विचार सोडून द्या. तो कीस ऑइलबरोबर सगळीकडे फिरलेला असतो, इंजिन पूर्ण उघडून धुतल्याशिवाय नवीन बेअरिंगला अर्थ नाही. अशी गाडी सोडून द्यावी.

बंद करताना नवीन ओ-रिंग आणि नवीन वॉशर, डबा २५ न्यूटन मीटर, ड्रेन बोल्ट ५०. डबा जास्त आवळला तर पुढच्या वेळी तडकतो.

निळाधूर

धुराबद्दल. सपाट इंजिनात सिलिंडर आडवे असतात, उभ्या गाडीत थोडं ऑइल रिंगांपाशी साचतं. सुरू करताना दोन-तीन सेकंदांचा निळसर झोत यावा आणि थांबावा, विशेषतः गाडी उतारावर उभी असेल तर, हा आजार नाही. रस्ता झाकून टाकणारा पांढरा लोट आला आणि थांबेना, तर ऑइल सेपरेटरचा (इंजिनातल्या वाफेतून ऑइल वेगळं करणाऱ्या भागाचा) पडदा फाटला आहे. मग इनटेक ऑइल ओढतो, आणि ते जास्त प्रमाणात सिलिंडरमध्ये गेलं तर कनेक्टिंग रॉडसुद्धा वाकू शकतो. तसाच चालवू नये.

तपासणी सोपी आहे. इंजिन गरम होऊन आयडलवर असताना ऑइल भरायचं झाकण उघडा. किंचित ओढ लागते, आयडल थोडं हलतं, हे ठीक. झाकण दोन्ही हातांनी ओढावं लागलं किंवा आतून शिट्टीसारखा आवाज आला, तर सेपरेटर गेला. नेमका आकडा हवा असेल तर झाकणाच्या जागी नळी बसवून पाण्याचा मॅनोमीटर लावा: चांगला सेपरेटर १०० ते १२५ मिमी पाण्याएवढी ओढ दाखवतो. त्याच्या दुपटीवर गेला की बदलायचा. सुटा भाग महाग नाही, पण इंजिन सीटच्या मागे दडलेलं असल्याने हात पोचवायलाच अर्धा दिवस जातो.

दोन्ही सायलेन्सरच्या तोंडांतली काजळीही बोटाने पुसून बघा. एक बाजू कोरडी आणि दुसरी तेलकट काळी असेल तर त्या बाजूच्या सिलिंडरची भिंत ओरखडली आहे का, हे प्लग काढून बोअरस्कोपने बघणं भाग आहे. ३.२ मध्ये हा दोष कमी दिसतो, पण तपासणीला वेळ लागत नाही.

छतउघडं

सगळे बेअरिंगवर बोलतात आणि गाडी मरते पाण्याने. दोन्ही प्रकारच्या.

आधी कूलंट. त्याची टाकी मागच्या डिक्कीत आहे, पांढऱ्या प्लास्टिकची, आणि ती केसाएवढी तडकते. डिक्कीतला गालिचा उचलून खाली हात फिरवा: चिकट ओल किंवा गोडसर वास म्हणजे टाकी गेली. झाकणाचा पार्ट नंबर बघा, शेवटी ०४ हवा; ०१ असेल तर जुनं आहे, बदला. वॉटर पंपच्या मूळ इम्पेलरची पाती प्लास्टिकची. ती मोडली की तुकडे ब्लॉकच्या अरुंद वाटांत अडकतात आणि एखाद-दुसरा सिलिंडर तापतो, काटा मात्र जागेवरच राहतो. पंप बदलल्याचं बिल नसेल तर घेतल्या घेतल्या थर्मोस्टॅटसकट बदला. धातूच्या पात्यांचा पंप घेऊ नका. बेअरिंग ढिलं झालं तर ती पाती थेट इंजिनचा ब्लॉक कुरतडतात.

पुढच्या बंपरच्या जाळीतून टॉर्च मारा. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामध्ये पाला साचून कुजतो आणि दोन्ही खालच्या कोपऱ्यातून गंजून गळतात. एसमध्ये मधोमध तिसरा रेडिएटर आहे, तोही बघा.

आता पावसाचं पाणी. छत अर्धं उघडून थांबवा, दोन्ही बाजूंना बिजागऱ्यांपाशी निचऱ्याची भोकं दिसतील. बाटलीभर पाणी हळू ओता, ते गाडीखाली जमिनीवर पडलं पाहिजे. तुंबलेलं असेल तर ते थेट सीटखाली येतं, आणि सेंट्रल लॉकिंग-इमोबिलायझरचा डबा तिथेच जमिनीलगत बसवलेला आहे. गालिच्याखालचा फोम दाबून बघा, वरून कोरडा आणि आत ओला असतो. आधीच लॉक आपोआप उघडणं-मिटणं, रिमोट न चालणं असे चाळे असतील तर डब्याच्या पिनांवर हिरवा थर नक्की सापडेल. फोम ओला असेल तर इग्निशन चालू करू नका, आधी बॅटरीची तार काढा.

तुमच्या गाडीची मागची काच प्लास्टिकची असणार, खरी काच २००३ पासून आली. घडीच्या रेषेवर पिवळेपणा आणि चिरा बघा. छत दोनदा पूर्ण उघडून मिटा. एक बाजू मागे राहत असेल तर ढकलदांड्याचा प्लास्टिक गोळा तुटला आहे. तसंच रेटलं तर सांगाडा वाकतो.

पुढची खटखट बहुतेक अँटी-रोल बारच्या लिंकची, किरकोळ काम. खोल ‘धड’ आवाज येत असेल तर खालच्या आर्मचे बुश. लिफ्टवर असताना स्प्रिंगचं सगळ्यात खालचं वेटोळं बोटाने चाचपा, ते गंजून मोडतं आणि वरून कळत नाही.

मध्यइंजिन

खूप आभार. फिल्टर उघडला: दोन बारके तपकिरी प्लास्टिकचे तुकडे, चुंबकाला काहीच नाही. झाकणाची ओढ हलकी. डिक्कीत ओल आहे, झाकण ०१ चं. निचरा दोन्ही बाजूंनी मोकळा. स्कॅनरवर: इंजिनचे तास २,६५०, ओव्हररेव्ह (इंजिन कमाल मर्यादेपाशी किंवा पलीकडे फिरल्याची नोंद) रेंज १ मध्ये १,०८०, रेंज २ मध्ये शून्य. कॅमच्या टायमिंगचा फरक एका बाजूला उणे २.१, दुसऱ्या बाजूला १.४ अंश, दोन्ही आकडे स्थिर. गियरबॉक्स आणि इंजिनच्या सांध्यावर ऑइलचा ओलसर डाग आहे, थेंब पडत नाही.

टॉर्करेंच

आकडे चांगले आहेत. १,१८,००० भागिले २,६५० म्हणजे सरासरी ताशी ४४-४५ किमी, मीटर मागे फिरवलेला वाटत नाही. ही सरासरी १५-२० आली असती तर शंका घ्यायची. रेंज १ चे आकडे म्हणजे फेऱ्यांच्या लिमिटरजवळ पडलेल्या प्लगच्या ठिणग्या. या इंजिनात एका फेरीला तीन ठिणग्या पडतात, मिनिटाला ७,२०० फेऱ्यांना सेकंदाला ३६०, म्हणजे तुमचे १,०८० हे आयुष्यभरातले तीन सेकंद. रेंज २ चुकीचा खालचा गियर पडल्यावरच भरते, ती शून्य आहे हे उत्तम. कॅमचा फरक साधारण सहा अंशांच्या आत आणि आयडलला न हलणारा हवा, तसाच आहे.

सांध्यावरचा डाग क्रँकच्या मागच्या सीलचा किंवा आयएमएस झाकणाचा. नुसत्या ओलीसाठी गियरबॉक्स उतरवू नका, पण क्लचचा कागद नाही म्हटल्यावर तो पेडल जड झालं की उतरणारच. त्या वेळी एकदमच करा: क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि त्याची नळी, क्रँकचं सील, आयएमएस बेअरिंग आणि झाकणाचं सील. ड्युअल मास फ्लायव्हील हाताने फिरवून त्याचा ढिलेपणा बघा. बेअरिंग काढण्याआधी क्रँक टीडीसीला (पिस्टन सिलिंडरच्या टोकाला असतानाच्या स्थितीला) पिनने अडकवून चेनचे टेन्शनर सैल केलेच पाहिजेत, नाहीतर शाफ्ट सरकतो आणि टायमिंग हलतं. हे न करता ‘पटकन बसवून देतो’ म्हणणाऱ्याकडे गाडी देऊ नका.

छतउघडं

टाकी, झाकण, पंप आणि थर्मोस्टॅटचा खर्च किमतीतून आत्ताच वळता करून मागा, ओल त्याच्यासमोर दाखवा. आणि टायरवरचे चार अंक वाचा: २३१६ म्हणजे २०१६ चा २३ वा आठवडा. खाच शिल्लक असली तरी दहा वर्षांचा टायर ओल्या रस्त्यावर या गाडीला धरत नाही. मागचे दोन एकाच मेकचे आणि एकाच वयाचे हवेत. कूलंट भरताना व्हॅक्यूम लावूनच भरून घ्या, इंजिन मागे आणि रेडिएटर पुढे असल्याने लांब पाइपांत हवा अडकून राहते.